होतकरू

बारा वेळा मारला. बाराही वेळा गेला नाही.

१९ नोव्हेंबर २०१०, शुक्रवार. पोर्तो रिकोतल्या एका बास्केटबॉल स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ मिनेसोटाशी खेळला आणि ७२-६७ असा हरला. तो सामना मी रात्री उशिरा, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावी, आमच्या भाड्याच्या घरात, मुगाच्या खिचडीचं ताट मांडीवर घेऊन रेकॉर्डिंगवर पाहिला. निकाल आधीच कळला होता. तरी पाहिला, कारण मला सामना बघायचा नव्हताच, एक मुलगा बघायचा होता.

हॅरिसन बार्न्स. वय अठरा, उंची सहा फूट आठ इंच, कॉलेजात येऊन जेमतेम तीन महिने झालेले. त्याचा शॉट म्हणजे शिकवणीच्या पुस्तकातली आकृती: कोपर कडीच्या रेषेत, चेंडू डोक्यावरून सुटलेला, मनगट शेवटपर्यंत वाकलेलं. सगळं बरोबर. फक्त चेंडू आत जात नव्हता. सातव्या की आठव्या वेळेला मी घास हातातच धरून बसलो. बायको म्हणाली, "अरे, तुझा कोण लागतो तो?"

कोणीच लागत नव्हता. पण हे असं सगळ्यांसमोर न जमणं माझ्या ओळखीचं होतं.

आम्ही राहायचो तिथून चॅपल हिल अर्ध्या तासावर. त्या गावात आकाशी निळा हा रंग नाही, धर्म आहे. अग्निशमन दलाचे बंबसुद्धा त्याच निळ्या रंगाचे. आमच्या भागात तेव्हाही मराठी माणसं पुष्कळ होती. गणपतीत आरतीला रांग लागायची, आणि त्या रांगेत मुलांच्या अंगावर निळे टी-शर्ट असायचे. मी तिथे नोकरीला आलो तेव्हा मला बास्केटबॉलचं शाळेच्या मैदानापुरतं ज्ञान होतं. शिकवलं ते शेजारच्या क्यूबिकलमधल्या एका साठीच्या गृहस्थांनी. १९५७ साली कॅरोलायनाने तीन जादा डावांनंतर विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला एका गुणाने हरवलं, ती गोष्ट ते आपल्याकडे आजोबा पानिपत सांगतात तशी सांगायचे. फरक इतकाच की यांचे लोक जिंकले होते.

२०१० च्या त्या शरदात कॅरोलायनाचं घराणं जरा वाईट दिवसांत होतं. २००९ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला संघ, पुढच्याच वर्षी २० सामने जिंकून १७ हरला आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्याला जागाही मिळाली नाही. अशा घरात बार्न्स आला तो अवतारासारखा. आयोवा राज्यातल्या एम्स गावचा पोरगा. (आपल्या दिल्लीच्या इस्पितळाशी याचा संबंध नाही.) आई एकटीने वाढवणारी. ती मायकल जॉर्डनची इतकी चाहती, की त्याचे सामने व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवायची, आणि मुलाच्या नावात तिनं चक्क जॉर्डन घातलं: हॅरिसन ब्राइस जॉर्डन बार्न्स. कुठल्या कॉलेजात जाणार हे त्याने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या शाळेच्या जिममधून जाहीर केलं, तेही स्काइपवरून थेट चॅपल हिलच्या संघाला आणि प्रशिक्षक रॉय विल्यम्सना फोन लावून. जॉर्डनचं कॉलेज, जॉर्डनचं नाव. आणखी काय पाहिजे?

आणखीही काही होतं. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९८६ पासून, हंगाम सुरू व्हायच्या आधीच, देशातल्या सर्वोत्तम पाच कॉलेज खेळाडूंची यादी काढते. त्या यादीत तोवर एकाही फ्रेशमनचं, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाचं, नाव नव्हतं. २०१० साली बार्न्सचं आलं. कॉलेजसाठी एकही सामना न खेळता, एकही गुण न करता.

मराठीत याला शब्द आहे: होतकरू. मोठा गोड आणि मोठा फसवा शब्द. गुणी म्हटलं की गुण आज असावे लागतात. हुशार म्हटलं की हुशारी आज दिसावी लागते. होतकरूचं सगळं पुढच्या तारखेचं. चेक असतो, वटवायचा पुढे. आणि गंमत म्हणजे त्यावर सही दुसऱ्यांची असते.

मला हा शब्द पहिल्यांदा लागला तो पतसंस्थेच्या कार्यक्रमात. बारावीला मी तालुक्यात पहिला आलो होतो. फ्लेक्सचे दिवस अजून यायचे होते. आमच्या चौकात पेंटरकडून रंगवून घेतलेला कापडी बॅनर लागला. त्यात माझ्या आडनावातली वेलांटी चुकली होती. 'गरीब व होतकरू विद्यार्थी गुणगौरव समारंभ' अशी पत्रिका. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे 'गरीब' या शब्दावर आई महिनाभर चिडलेली होती. 'होतकरू'बद्दल मात्र कोणाची काही तक्रार नव्हती. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन लावलं तर बंद. बाबांनी मागून उघडून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, सेलच नाहीये यात." दुसऱ्या दिवशी त्यांनी सेल आणून घातला. ते घड्याळ अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि दहा मिनिटं पुढे चालतं.

मग मी शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो आणि पहिल्याच सेमिस्टरला एम-वनमध्ये उडालो. गणित! ज्या विषयात बारावीला दोन मार्क गेले म्हणून मी रडलो होतो, त्याच विषयात केटी. सुट्टीत गावी गेलो तर बॅनर अजून चौकात होता. एका बाजूची दोरी तुटलेली, माझं नाव वाऱ्यावर फडफडतंय. किराणावाले काका म्हणाले, "या इंजिनिअरसाहेब!" मी तेलाची पिशवी घेतली आणि पळालो. तेव्हापासून मी चौक टाळून मागच्या बोळातून जायला लागलो.

म्हणून त्या बारा शॉट्सनंतर मला वाटलं, या पोराला आता बोळ कुठून सापडणार? त्याचा चौक म्हणजे अख्खा देश.

सोमवारी ऑफिसात शेजारच्या क्यूबिकलमधल्या म्हातारबुवांचा चेहरा पडलेला होता. रविवारी संघ व्हँडरबिल्टकडूनही हरला होता. पण त्यांना मुलाचा राग नव्हता. राग होता तो यादी काढणाऱ्यांचा. मग त्यांनी मला डीन स्मिथांची गोष्ट सांगितली. ती कॅरोलायनात प्रत्येकाला एकदा तरी सांगावीच लागते.

१९८१ चा नोव्हेंबर. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या मासिकाला मुखपृष्ठावर कॅरोलायनाचे सुरुवातीचे पाच खेळाडू हवे होते. प्रशिक्षक डीन स्मिथ म्हणाले, चौघेच मिळतील. पाचवा फ्रेशमन आहे, त्याने अजून कॉलेजचा एकही सामना खेळलेला नाही, तो मुखपृष्ठावर येणार नाही. आला नाही. स्मिथांच्या संघात फ्रेशमननं सामान उचलायचं, सरावात लांब गेलेला चेंडू धावत जाऊन आणायचा, हा रिवाज. बास्केट झाली की ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवून आभार मानायचे, हाही त्यांचाच. मुखपृष्ठावर नसलेल्या त्या पाचव्या मुलाने २९ मार्च १९८२ रोजी न्यू ऑर्लीन्सला, जॉर्जटाऊनविरुद्धच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या काही सेकंदांत जंप शॉट मारून ६३-६२ असा विजय मिळवून दिला. पाचवा म्हणजे मायकल जॉर्डन. त्या वर्षी त्याची सरासरी १३.५ गुणांची होती. आजच्या मापाने बघितलं तर 'अपेक्षेपेक्षा कमी' म्हणतील कदाचित.

मला त्या शॉटपेक्षा मुखपृष्ठाची गोष्ट जास्त आवडते. कोणीतरी एका मोठ्या माणसाने एका मुलाच्या अंगावर पडणारा उजेड काही महिने हाताने अडवून धरला. आमच्या चौकातला तो बॅनर उतरवणारं कोणी असतं तर!

पूर्वी हा आडोसा नियमातच होता. १९७२ पर्यंत फ्रेशमनला कॉलेजच्या मुख्य संघात खेळायची परवानगीच नव्हती. त्यांचा वेगळा संघ, वेगळे सामने, प्रेक्षक थोडे. अर्थात नियमाने कोणाची उंची कमी होत नाही. नोव्हेंबर १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये फ्रेशमन संघाने आपल्याच मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं. मुख्य संघ त्या वेळी लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. फ्रेशमन संघात ल्यू अल्सिंडर होता, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. तरीही त्याला ते एक वर्ष थांबावं लागलं, आणि त्यानं काही बिघडलं नाही. त्या वर्षात त्याचं कोणाला काही देणं नव्हतं.

नंतर वारं उलट्या दिशेला फिरलं. मुलं शाळेतून थेट एनबीएत, म्हणजे पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांच्या लीगमध्ये, जायला लागली. मग एनबीएने नियम केला, संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या २००६ च्या निवडीपासून लागू झाला: वय किमान १९ हवं आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. झालं, कॉलेज म्हणजे एक वर्षाची धर्मशाळा. पोरगं ऑगस्टमध्ये येतं, मार्चमध्ये स्पर्धा खेळतं, जूनमध्ये लखपती होऊन जातं. याला तिकडे 'वन अँड डन' म्हणतात. या हिशेबात शिकायला, चुकायला, चेंडू आणायला महिने उरतात किती? नोव्हेंबर ते मार्च, पाच. त्यात बारापैकी शून्यची एक रात्र म्हणजे माणसाच्या आयुष्यातली नव्हे, बाजारातली पडझड ठरते.

म्हातारबुवांना मात्र धीर होता. डबा उघडताना ते म्हणाले, "आपल्याच राज्यातल्या त्या डेव्हिडसनच्या पोराचं ठाऊक आहे ना तुला?" ठाऊक नव्हतं. डेव्हिडसन हे शार्लटजवळचं चिमुकलं कॉलेज. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथला एक काटकुळा फ्रेशमन आपला पहिला कॉलेज सामना खेळला, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध, आणि त्यात त्याने तेरा वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. तेरा! दुसऱ्या दिवशी मिशिगनविरुद्ध त्याच पोराने ३२ गुण केले. वर्षाअखेर त्याची सरासरी होती २१.५. आडनाव करी. स्टीफन करी, पुढचा एनबीएतला नामांकित नेमबाज. "त्या तेरा चुका बघायला होतं कोण?" म्हातारबुवा म्हणाले. "ह्याच्या बारा सगळ्या देशाने बघितल्या."

डिसेंबरभर मी बार्न्सकडे जवळून पाहायला लागलो. अठरा वर्षांच्या मुलाला नेमकं काय अवघड जातं हे मला तोवर कळत नव्हतं. हळूहळू दिसायला लागलं. शाळेत तो सगळ्यांहून उंच, शिवाय सगळ्यांहून चपळ. चेंडू घ्यायचा, दोनदा आपटायचा, समोरच्याच्या डोक्यावरून मारायचा. इथे समोरचा बावीस वर्षांचा, खांदे दारासारखे. एकाला चकवलं की दुसरा आधीच येऊन उभा. शाळेत जी जागा अर्धा सेकंद मोकळी राहायची ती इथे पाव सेकंदात बंद. म्हणजे कौशल्य तेच, पण निर्णय आधी घ्यायला हवा. चेंडू हातात आल्यावर विचार सुरू केला की संपलं. बार्न्स विचार करताना दिसायचा. स्वभावाने शिस्तीचा, नीटनेटका, शाळेत सॅक्सोफोन वाजवणारा मुलगा. प्रत्येक गोष्ट पूर्ण करून मगच पुढची. बास्केटबॉलला इतकी सभ्यता चालत नाही.

आणि अजून एक गोष्ट होती, जी वर्तमानपत्रं लिहीत नव्हती आणि म्हातारबुवा रोज बोलत होते. चेंडू त्याच्यापर्यंत उशिरा पोचत होता.

१६ जानेवारी २०११ ला जॉर्जिया टेकने कॅरोलायनाला वीस गुणांनी धुतलं. ७८-५८. दोन दिवसांनी घरच्या मैदानावर क्लेमसनशी सामना, आणि म्हातारबुवांच्या बायकोला सर्दी. अशा रीतीने मी पहिल्यांदा डीन स्मिथ सेंटरमध्ये गेलो. एकवीस हजारांवर माणसं बसतात तिथे. आमची जागा इतकी वर होती की खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे दिसायचे, चेहरे नाहीत. त्या रात्री रॉय विल्यम्सनी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन इतरांना वाटणारा खेळाडू, बदलला. लॅरी ड्रू या तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूऐवजी केंडल मार्शलला सुरुवातीपासून उतरवलं. मार्शलसुद्धा फ्रेशमनच. डावखुरा, फार पळत नाही, फार उडी मारत नाही, लांबून शॉट बरा नाही. पण याला एक विद्या येत होती. माणूस जिथे आहे तिथे तो चेंडू द्यायचा नाही. जिथे पोचणार आहे तिथे द्यायचा.

वरून ते फार छान दिसतं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, वरच्या रांगेतून मात्र आधी मोकळी जागा दिसते, मग तिकडे निघालेला चेंडू, मग तिसऱ्या क्षणी तिथे पोचलेला बार्न्स. त्याला विचार करायला वेळच मिळत नव्हता, आणि तेच बरं होतं. पाय लागले, हात उठले, सुटला. बास्केट झाल्यावर तो मार्शलकडे बोट दाखवायचा. डीन स्मिथ १९९७ मध्ये निवृत्त झाले होते, तरी बोट अजून उठत होतं.

हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. होतकरू मुलाचं काही बिनसलं की आपण त्याच्याच आत शोधतो. आत्मविश्वास गेला, डोक्यात हवा गेली, मेहनत कमी पडली. बार्न्सवर हे सगळं लिहून झालं होतं. आणि खरा फरक पडला तो त्याच्याशेजारी दुसरं कोण उभं आहे, यानं. माझ्या एम-वनचंही तसंच. मी रात्र रात्र जागून काही झालं नाही. झालं ते हॉस्टेलवरच्या पार्टनरमुळे, जो स्वतः दोन विषयांत अडकलेला होता. माझं गणित कच्चं नव्हतं, कच्चं होतं इंग्रजी. सर फळ्यावर जे लिहीत ते मला कळायचं, जे बोलत ते निसटायचं. हे मला स्वतःला कळलं नव्हतं, त्याला कळलं. तो संध्याकाळी टपरीवर उभ्या उभ्या दिवसाचं लेक्चर मराठीत दोन वाक्यांत सांगायचा. बस, इतकंच. कटिंगचे पैसे मात्र रोज मी द्यायचे.

इथे लॅरी ड्रूबद्दल न लिहिणं अन्यायाचं होईल. जागा गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, हंगाम अर्धा टाकून तो निघून गेला. चॅपल हिलमध्ये त्याच्याविषयी जे बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. तो यूसीएलएला गेला, नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर बसला आणि २०१२-१३ च्या हंगामात त्या कॉलेजच्या इतिहासात एका वर्षात सर्वाधिक पास देऊन बास्केट करवण्याचा विक्रम त्याच्या नावावर लागला. म्हणजे विद्या त्याच्याकडेही होती. कदाचित त्यालाही शेजारी दुसरं कोणीतरी हवं होतं.

तो गेला आणि दोनच दिवसांनी मार्शलने फ्लोरिडा स्टेटविरुद्ध सोळा पास देऊन सोळा बास्केट करवल्या. त्याआधी जानेवारीअखेर मायामीत शेवटच्या काही सेकंदांत तीन गुणांचा शॉट मारून बार्न्सने सामना काढला होता. २ मार्चला पुन्हा फ्लोरिडा स्टेट, पुन्हा शेवटचे क्षण, पुन्हा बार्न्सचा तीन गुणांचा शॉट, ७२-७०. त्या वेळी आमची खिचडी नव्हती, पिठलं होतं, आणि "तुझा कोण लागतो" विचारणारी बायको सोफ्यावर उभी होती. तीन दिवसांनी ड्यूकला हरवून कॅरोलायना आपल्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या, साखळीत पहिली आली.

मग १२ मार्च. ग्रीन्सबरोला कॉन्फरन्स स्पर्धेचा उपांत्य सामना, समोर क्लेमसनच. क्लेमसन बराच वेळ पुढे. जादा डाव. कॅरोलायना ९२-८७ ने जिंकली आणि बार्न्सचे गुण झाले ४०. त्या स्पर्धेत एका सामन्यात कुठल्याच फ्रेशमनने तोवर इतके केले नव्हते. मी मोजत बसलो होतो. चाळिसावा झाला तेव्हा आपलं काहीतरी फिटल्यासारखं वाटलं. काय फिटलं आणि कोणाचं, ते सांगता यायचं नाही.

म्हातारबुवांनी फोन केला. मला वाटलं नाचत असतील. ते शांत होते. म्हणाले, "आता उद्यापासून प्रत्येक रात्री चाळीस मागतील."

दुसऱ्याच दिवशी ड्यूकने अंतिम सामना सहज जिंकला. पंधरा दिवसांनी, २७ मार्चला, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपउपांत्य फेरीत केंटकीने ७६-६९ असं हरवलं. केंटकीकडून सर्वांत जास्त गुण केले ब्रँडन नाइटने, तोही फ्रेशमन, आणि तो त्याच उन्हाळ्यात एनबीएत गेला. बार्न्सचा हिशेब: सरासरी १५.७ गुण, ५.८ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), कॉन्फरन्सचा सर्वोत्तम नवा खेळाडू. सगळे म्हणाले, आता जाणार. तो राहिला. दुसऱ्या वर्षासाठी परत आला.

मला ते धाडसाचं वाटलं. बाजारातल्या लोकांना मूर्खपणाचं वाटलं. दुसऱ्या वर्षी सरासरी १७.१ झाली, म्हणजे वाढलीच की! पण भाव उतरला. का, तर पहिल्या वर्षी जे 'शिकतोय' होतं ते दुसऱ्या वर्षी 'येत नाही' झालं. चेंडू आपटत आत घुसणं अजून जमत नव्हतं, आणि आता ते कोवळेपणाच्या खात्यावर टाकता येत नव्हतं.

आणि मग १८ मार्च २०१२. याच दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, असंही म्हणता येईल.

राष्ट्रीय स्पर्धेत कॅरोलायनाची गाठ क्रेटन नावाच्या ओमाहाच्या कॉलेजशी पडली. क्रेटनचा मुख्य खेळाडू डग मॅकडर्मट. हा आणि बार्न्स एकाच शाळेचे, एकाच वर्षाचे, एकाच संघातले. एम्स हायस्कूलने लागोपाठ दोन वर्षं एकही सामना न हरता राज्याचं अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात दोघे होते. एकाला सगळा देश ओळखायचा. दुसरा त्यातल्या पहिल्या वर्षी पहिल्या पाचांतही नव्हता, सहावा म्हणून उतरायचा. त्याचे वडील गावातल्याच आयोवा स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक, पण मुलाचं ठरलं होतं ते नॉर्दर्न आयोवा या छोट्या कॉलेजशी. २०१० मध्ये वडील क्रेटनला गेले, तेव्हा तो त्यांच्यामागे गेला. तिथेही पहिल्या वर्षी त्याला बाहेरच बसवायचा बेत होता. संघातली मुलं जायबंदी झाली म्हणून उतरवला. त्या वर्षी त्याने सरासरी १४.९ गुण केले. बार्न्सपेक्षा जेमतेम एका गुणाने कमी, आणि आमच्या ऑफिसात कोणाला पत्ता नव्हता. त्याला कोणी होतकरू म्हटलंच नव्हतं, म्हणून तो मुकाट्याने होत गेला.

त्या दिवशी कॅरोलायना ८७-७३ ने जिंकली. पण त्याच सामन्यात मार्शल पडला आणि त्याचं मनगट मोडलं. उजवं. डावखुऱ्याचं उजवं, म्हणून आम्ही दोन दिवस आशा केली. तो परत खेळला नाही. पुढच्या सामन्यात ओहायोविरुद्ध बार्न्सने सोळा शॉट मारले, तीन गेले. जादा डावात कसाबसा विजय मिळाला, त्यापुढे कॅन्ससकडून हार. मार्शलशिवायचा बार्न्स पुन्हा चेंडू हातात आल्यावर विचार करताना दिसत होता. मी टीव्ही बंद केला नाही, पण आवाज बंद केला.

बार्न्सला एनबीएच्या २०१२ च्या निवडीत गोल्डन स्टेट संघाने सातव्या क्रमांकावर घेतलं. मॅकडर्मट चारही वर्षं क्रेटनला राहिला. शेवटच्या वर्षी संघातल्या एका जुन्या सोबत्याला खेळायला आणखी एक वर्ष मिळालं आणि शिष्यवृत्त्या मोजक्या. याने आपली सोडून दिली आणि फी भरून खेळला. त्या वर्षी, २०१४ साली, तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. कॉलेज कारकिर्दीत एकूण ३,१५० गुण. इतके करणारे त्याच्या आधी चारच झाले होते.

इथे मला कासव-सशाची गोष्ट सांगायची नाही, कारण ती खरी नाही. एनबीएत बार्न्सची कारकीर्द मॅकडर्मटहून मोठी झाली. गोल्डन स्टेटमध्ये त्याच्या शेजारी उभा होता तोच तेरा चुकांवाला करी. २०१५ ला दोघांनी विजेतेपद मिळवलं. २०१६ च्या अंतिम मालिकेत ३-१ ने पुढे असताना शेवटचे तीन सामने गेले आणि त्या तीन सामन्यांत बार्न्सने ३२ पैकी ५ शॉट घातले. सहाव्या सामन्यात आठपैकी शून्य. मी तोवर पुण्याला परतलो होतो, सकाळी साडेसहाला चहा घेऊन बघत होतो, आणि बायकोने आतून विचारलं, "गेला का एक तरी?" त्याच उन्हाळ्यात संघाने केव्हिन ड्युरंट या बड्या खेळाडूला आणलं, बार्न्सला जाऊ दिलं. डॅलसने त्याला चार वर्षांचे ९ कोटी ४० लाख डॉलर दिले. असं अपयश आम्हालाही द्या, असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही.

पण मला आवडतो तो त्यानंतरचा बार्न्स. डॅलस, सॅक्रामेंटो, आणि २०२४ पासून सॅन अँटोनियो. २०२२ ते २०२५ सलग तीन हंगाम ८२ पैकी ८२ सामने तो खेळला. कोपऱ्यात उभा राहतो, चेंडू आला की मारतो, नाही आला की धावून मागे जातो. त्याच्याविषयी आता कोणी भविष्य वर्तवत नाही. सॅन अँटोनियोत त्याच्या आजूबाजूला विशीतली पोरं आहेत, ज्यांच्या नावाने सध्या सगळ्या जगाने चेक लिहून ठेवलेत. त्यांनी दिलेला पास आत गेला की याचं बोट उठतं का, हे मी मुद्दाम बघत असतो. कधी उठतं, कधी कॅमेरा दुसरीकडे वळलेला असतो.

गेल्या जूनमध्ये गावी गेलो होतो. पतसंस्थेने गुणगौरवाला बोलावलं, प्रमुख पाहुणा म्हणून. पत्रिकेतून 'गरीब' गेलाय, 'होतकरू' आहे. चौकात दहा फुटी फ्लेक्स, पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो पुढाऱ्याच्या फोटोहून जरा लहान. भाषणात मी बारा शॉट्सची गोष्ट सांगायची ठरवली होती. पहिल्या रांगेत तिचे आई-वडील बसले होते. वडिलांनी नवा सदरा घातला होता, घडी न मोडलेला. मी अमेरिकेतल्या रस्त्यांबद्दल काहीतरी बोललो आणि खाली बसलो.

शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मीच तिच्या हातात दिलं. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलल्या जात होत्या, तेव्हा ती घड्याळाचा खोका उघडून ते कानाला लावून बघत होती. मला पाहून जरा ओशाळली.

"काका, हे बंद आहे."

"सेल घातलेला नसतो त्यात," मी म्हणालो. "आमच्या वेळीही नव्हता."